डावीकडून चौथा टॅब

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. चुकून एखाद्याचा बसलाच, तर त्यानं उद्या डॉक्टरला दाखवून यावं. चौतीस वर्षं मी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. 'गाडी पाच मिनिटांत फलाटाला लागत आहे' हे वाक्य दिवसातून शंभरदा माइकवरून बोललो, आणि शंभरदा लोकांनी ते खरं धरून पिशव्या उचलल्या. तेव्हा खोटं कसं पचतं ते मला पक्कं ठाऊक आहे. पचत नाही ते खरं.

"टॅबाची गोष्ट ना, लोंढेकाका?" गायकवाड मास्तरांनी कट्ट्यावर टेकता टेकता विचारलं. "बारा वेळा ऐकलीय."

मास्तर, माझी गोष्ट म्हणजे आमटी. डाळ तीच, फोडणी रोज वेगळी. आणि आज नवी पाहुणी आहे. ही मगदूमांची सई, तिसऱ्या मजल्यावर राहायला आलीय. काचेवरची पानं कशी दिसावीत, कुठं सरकावीत, त्याचं शिक्षण घेतलंय तिनं. म्हणजे आमचा शत्रूच, पण पोरगी चांगली आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो. शेखभाभी, जरा सरका, उज्ज्वलाला पाय मोकळे करू द्या. ही आमची उज्ज्वला. मांडीवर परात, परातीत पावटा. डोळ्यांनी काही दिसत नाही तिला, पण शेंगेत अळी असली तर बोटाला आधी कळतं. आपल्याला कळतं ते ताटात.

"अळीचं राहू द्या," उज्ज्वला म्हणाली. "दिवेलागणीच्या आत संपवा काय ते."

तर.

स्टँडवर आमचा एक रिवाज होता. एखादी गाडी बिघडली, टायर नाही, ड्रायव्हर जेवायला गेलाय तो आलाच नाही, आणि ती तशीच फलाटावर उभी असली, की माणसं तिच्याभोवती जमतात. मग माझ्या खिडकीशी येतात. मग खिडकीतून हात घालून माझी कॉलर धरतात. म्हणून काय करायचं? ती गाडी मागे वर्कशॉपच्या भिंतीआड लावायची. दिसली नाही की कुणी विचारत नाही. गाडी तेवढीच बंद, माणसं तेवढीच अडकलेली, पण स्टँडवर कशी शांतता! माझ्या आधीच्या नियंत्रकानं मला हे शिकवलं, मी माझ्या नंतरच्याला शिकवलं. आणि माझी ही युक्ती पुढं एका कंपनीनं चोरून जगभर विकली.

"तुम्ही पेटंट घ्यायला हवं होतं," मास्तर म्हणाले.

घेणार होतो. पण त्या वर्षी मी रिटायर झालो आणि उज्ज्वलाचे डोळे बिघडले.

तिच्या आईला झालं होतं तेच. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, त्याच्या मधोमध एक ठिपका, तिळाएवढा. वाचणं, माणूस ओळखणं, सुईत दोरा ओवणं, हा सगळा कारभार तो तीळ बघतो. या रोगात आधी तो तीळ वाळतो आणि कडा मागाहून. म्हणजे मधलं जातं, भोवतालचं राहतं. मी समोर उभा राहिलो की तिला माझे दोन कान दिसायचे आणि मधला मी गायब. 'चालतंय की,' म्हणायची, 'तुमचं कामाचं तेवढं दिसतंय.' मला बघायचं असलं तर माझ्या खांद्यापलीकडं बघायची.

आता त्या वेळचा ब्राउझर. सई, तुला तो पुस्तकात भेटला असेल. वर एक पट्टी असायची, तीत एकाला लागून एक टॅब. माझ्या भाषेत फलाट. पहिल्या फलाटावर बातम्या, दुसऱ्यावर बँक, तिसऱ्यावर कृष्णेची पाणीपातळी, चौथ्यावर उज्ज्वलाची रांग. भिंतीवरच्या काचेवर ती पट्टी अगदी वरच्या कडेला यायची, आणि कडेचंच तर तिला दिसायचं! कोंबडीसारखी मान तिरकी करून ती...

"कोंबडी कुणाला म्हणता हो?"

मोरासारखी मान तिरकी करून ती हवेत बोटानं मोजायची. एक, दोन, तीन, चार. मिसळणाच्या डब्यात हळद कुठं आणि मोहरी कुठं हे हाताला पाठ असतं ना, तसा तिला तो चौथा टॅब पाठ होता. तिथं टिकलीएवढा हिरवा ठिपका दिसला की ती निवांत चहा प्यायची. माझी जागा आहे अजून, म्हणायची.

रांग कसली ते सांगतो. एका मोठ्या रुग्णालयात डोळ्याला नवा पडदा लावू लागले होते. दंडाच्या कातडीतली पेशी घ्यायची, औषधं देऊन तिला तिचं मोठेपण विसरायला लावायचं, अगदी तान्ही करून टाकायची, आणि मग नव्यानं शिकवायचं की बाई गं, तू आता कातडी नाहीस, तू डोळा. अशा पेशींचा कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतका पातळ थर वाढवायचा आणि डोळ्यात मागं नेऊन लावायचा. अट एकच. खालचा जुना थर थोडा तरी जिवंत हवा. डॉक्टरीणबाई उज्ज्वलाला म्हणाल्या, 'ताई, विरजण कितीही चांगलं असलं तरी नासलेल्या दुधाला दही लागत नाही.' दूध नासायला चौदा महिने होते. रांगेतला नंबर तीन हजार एकशे अठरा.

"मग नंबर आला की फोन येईल ना?" सईनं विचारलं.

तुझ्या वयाला तसं वाटणार. त्या आधी दोन-तीन वर्षं दलालांनी खोटे फोन, खोटे मेसेज करून आंधळ्या-पांगळ्यांना इतकं लुटलं होतं, की रुग्णालयानं मेसेज पाठवणंच बंद केलं होतं. खरी रांग एकाच जागी, त्या पानात. पान उघडं ठेवायचं, नंबर खाली येताना बघायचा आणि पाळी आली की 'हजर' असं हिरवं बटण दाबायचं. अठ्ठेचाळीस तासांत दाबलं नाही तर पाळी पुढच्याला आणि तुम्ही रांगेच्या शेपटाला. रोगी डोळ्यांचा, तेव्हा बटण दाबायला एक नातेवाईक नोंदवायचा. तो मी.

एक मंगळवार. सकाळी चहा घेऊन काचेसमोर बसलो, बघतो तर पट्टी नाही! रात्रीतून फलाटच उखडून नेले होते. मधोमध एकच पान, भोवती निळंशार पाणी आणि पाण्यावर अक्षरं: 'आता निवांत. तुम्हाला हवं ते आपोआप समोर येईल.' 'निवांत' हे त्या नव्या ब्राउझरचं नाव. मला हवी होती बँक. समोर आली कुस्ती. मी मोठ्यानं म्हटलं, 'बँक!' कुस्ती आणखी मोठी झाली. मग मी स्टँडवरची एक शिवी दिली. माझा श्वास वाढला हे ओळखून त्यानं समुद्राची गाज लावली.

मदतीच्या नंबरावर फोन केला. बाईचा आवाज असा गोड, की आंब्याची पेटी विकायला बसली असती तर फळमार्केट रिकामं झालं असतं.

'काका, कोणता टॅब सापडत नाही आपल्याला?'

'चौथा.'

'काका, आता चौथा असं काही नसतं.'

'अहो, डावीकडून चौथा.'

'काका, आता डावी बाजूही नसते.'

'मग जुनी पट्टी परत द्या.'

'काका, ती परत हवीशी वाटणं साधारण एकवीस दिवसांत थांबतं.'

"हे मात्र खरं," शेखभाभी म्हणाल्या. "आमच्या ह्यांचं बावीस दिवसांत थांबलं."

माझं थांबलं नाही. कारण आणलं काय तर मधोमध! जगात ज्या एका जागी माझ्या बायकोला काही दिसत नव्हतं, नेमकं तिथं सगळं आणून मांडलं. त्या सकाळी ती आली, मान तिरकी केली, काचेच्या मोकळ्या कडेवर बोट धरलं. एक, दोन. मग हात खाली घेतला. 'आता तुम्हीच बघत जा,' म्हणाली. एवढंच.

झालं. तिच्या डोळ्यांचं काम माझ्याकडं आलं, आणि तिकडं तिचे कान तिखट झाले. शेजारी डबा खरवडला की साखर संपली हे हिला इकडं कळायचं.

"वाटी घेऊन यायच्या," शेखभाभी म्हणाल्या. "मी मागायच्या आत."

पण कधी कधी ते कान फाजील शहाणे व्हायचे. त्याच पंधरवड्यात एकदा चहाच्या वेळी म्हणाली, 'अहो, काहीतरी टपकलं का?' म्हटलं, नळ असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी मी ऐकत नाही म्हणून हिनं प्लंबरच बोलावला. त्यानं घरातले सहाही नळ पिळून बघितले, फ्लश बघितला, गच्चीवरच्या टाकीत डोकं घातलं. एक थेंब म्हणाल तर नाही! दोन कप चहा पिऊन गेला बिचारा. अजून चिडवतो मी हिला, काय गं, नळ गळतोय का?

"गळत होता," उज्ज्वला म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नाही त्याला मी काय करू?"

बरं, गळत होता.

"काका, पण निवांत कसं ठरवायचं, कुठलं पान वर आणायचं ते?" सईनं विचारलं. परीक्षाच घेत होती माझी.

नियंत्रकाला विचारतेस? ऐक. काचेत एक बारका डोळा असायचा. तू पानाकडं बघितलंस की अर्ध्या सेकंदात तुझी बाहुली किती फाकली, पापणी किती वेळा लवली, छाती किती उचलली, सगळं तो मोजायचा. त्यावरून प्रत्येक पानाचं वजन काढायचा. कसलं वजन? घोराचं. जे पान बघून जिवाला घोर लागतो ते जड, जे बघून बरं वाटतं ते हलकं. हलकं वर तरंगणार, जड तळाला जाणार. पान बंद होत नसे बरं का. खाली जिवंतच असायचं. पूर्ण नाव घेऊन हाक मारली की यायचं वर. पण ज्याचा घोर आहे त्याचं नाव माणूस आपणहून घेतो का? ती खरी मेख! माझी भिंतीआडची गाडी!

"एवढं सगळं परस्पर करायचं, तर लोक कोर्टात गेले असते," मास्तर म्हणाले.

गेलेच की! गेले म्हणून तर त्याला कुलूप घातलं. निवांत स्वतःहून कुठलंही पान बुडवायचं नाही, असा हुकूम होता. आधी माणसानं स्वतःच्या अंगठ्यानं ते पान खाली सारायचं. पहिल्या दिवशी सारलं तरी दुसऱ्या दिवशी ते वर येणारच. दुसऱ्या दिवशी सारलं तरी तिसऱ्या दिवशी येणार. लागोपाठ तीन दिवस सारलं, की मग ते शिकायचं: ह्या माणसाला हे नको. त्यानंतर हाक मारल्याशिवाय वर येत नसे. आणि दर वेळी सारलं की कसा आवाज यायचा, ऐका.

मी गालात बोट घालून आवाज काढला. टुप्! एसटीचे सात तऱ्हेचे हॉर्न मी तोंडानं काढायचो, हे तर किरकोळ. खोल विहिरीत एकच खडा पडावा तसा आवाज.

"अय्या, अगदी तस्साच!" सईनं टाळी वाजवली. "आम्हाला वर्गात ऐकवला होता. परत काढा ना काका."

टुप्!

ही आजची नवी फोडणी, मास्तर. ऐकली होती का आधीच्या बारा वेळांत? नाही ना? उज्ज्वलाच्या हातातली शेंग परातीबाहेर पडली. तिनं चाचपून उचलली.

तर पुढं. तीन महिन्यांत अख्खं गाव सुखी झालं. ते कारदगे बंधू आठवतात? जमिनीचा दावा, एकोणीस वर्षं. थोरल्यानं दाव्याचं पान तीनदा सारलं, धाकट्यानंही तीनदा सारलं. दोघंही विसरले. दिवाळीला एका पाटावर बसून चकल्या खाल्ल्या. वकील तेवढा झुरणीला लागला, कारण त्याच्या काचेवर तो दावा सगळ्यात वर तरंगत होता. तो बघून त्याला बरंच वाटायचं ना! शाळेतल्या पोरांची प्रगतिपुस्तकं बापांच्या काचेवरून बुडाली आणि पोरं हुशार झाली. कृष्णेची पाणीपातळी तर पहिल्याच पावसाळ्यात सगळ्यांनी सारली. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा गाव कुस्ती बघत होतं.

"हे खोटं," शेखभाभी म्हणाल्या. "मी इथंच होते. पाणी चौकापर्यंतच आलं होतं."

बरं, चौकापर्यंत. भाभींमुळं निम्मं गाव वाचलं.

पण एक खरं सांगतो. मागच्या गल्लीत एक बाई होत्या, मुलगा परदेशात. त्या त्याला रोज एक ओळ लिहायच्या, कधी येतोस. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर त्या ओळीनं त्याची बाहुली कशाला फाकली असती? त्यानं आईचं पान तीनदा सारलं. मग ते आलं नाही वर. त्या लिहीतच राहिल्या.

कट्ट्यावर कुणी हसलं नाही. हसू नयेच. पुढं आमचं येतं.

रोज सकाळी चहाला उज्ज्वला विचारायची, 'किती?' नंबर असायचा दोन हजार सातशे. मी सांगायचो, बावीसशे. सवय हो! पाच मिनिटांत गाडी लागतेय. त्या पानावर दुसराही एक आकडा होता, डॉक्टरीणबाईंनी घातलेला: पडद्याचे उरलेले दिवस. तीनशे पंचेचाळीस, तीनशे चव्वेचाळीस. नंबर रोज चार-पाचानं खाली यायचा आणि दिवस एकानं. नियंत्रकाला हे गणित कुणी समजावून द्यावं लागत नाही. गाडी वेळेत येणार नव्हती. आणि रोज ती विचारणार, 'किती?', आणि मी त्या दोन आकड्यांसमोर बसून तिला तिसराच सांगणार.

"कमी करून सांगता ते माहीत होतं मला," उज्ज्वला म्हणाली. "मी मनात पाचशे वाढवून धरायची."

बघा! नऊ वर्षांनी आज सांगतेय. मग बोलली का नाहीस गं तेव्हा?

"तुम्हाला बरं वाटायचं सांगताना."

असो. तर एक दिवस ते पान दिसेनासं झालं. मी काही केलं नाही. माझी बाहुली फाकली असेल, छाती भरून आली असेल, त्या काचेतल्या डोळ्यानं ते मोजलं आणि आपलं आपण पान बुडवलं. आता सई म्हणेल, कुलूप होतं ना? होतं. आमच्या काचेतलं कुलूपच खराब निघालं.

"असं झाल्याचं कुठं वाचलं नाही मी," सई म्हणाली.

पुस्तकात सगळं नसतं, पोरी.

आणि खरं सांगायचं तर मीही हाक मारली नाही त्याला. दीड वर्ष लागणार होतं पाळी यायला. रोज उठून काय बघायचं? सकाळी 'किती?' आलं की कालच्यातून पाच वजा करून सांगायचो. समोर कुस्ती चाललेली असायची. समुद्राची गाज असायची. चहा गोड लागायला लागला होता पुन्हा.

पण माझ्या गणितात एक चूक होती. स्टँडवर चौतीस वर्षं काढून मी ती केली. आमच्या पुढं रांगेत जे सत्तावीसशे लोक होते, त्यांच्याही घरात निवांत होतं. त्यांच्याही नवऱ्यांना, मुलींना, सुनांना ते दोन आकडे रोज बघवत नव्हते. ज्याची पाळी यायची त्याचं पान तळाला. अठ्ठेचाळीस तास संपले की पुढचा, त्याचंही तळाला. खाटा रिकाम्या राहायला लागल्या. मग रुग्णालयानं एकेकदा शंभर-शंभर जणांना हाक द्यायला सुरुवात केली, कारण शंभरांतले चार-पाचच 'हजर' म्हणायचे. दीड वर्षाची गाडी दोन महिन्यांत फलाटाला लागली, आणि फलाटावर माणूसच नाही.

एका सकाळी उज्ज्वला म्हणाली, 'आज नंबर नका सांगू. पान वाचून दाखवा. वरपासून खालपर्यंत, सगळं.' तिच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, मला थाप सुचली नाही. मी काचेला हाक मारली: उज्ज्वला लोंढे, रांग. निळ्या पाण्यातून पान वर आलं. मी वाचलं. 'आपली पाळी एकोणीस दिवसांपूर्वी होऊन गेली आहे. आपला नवा क्रमांक चार हजार सव्वीस.'

लग्न झाल्यापासून मी तिला दिलेला तो पहिला खरा आकडा.

"मग रांग पळत होती तर दुसऱ्यांदा पाळी लवकर आली असेल," मास्तर म्हणाले. मास्तर गणिताचे.

आली असती. पण त्याच आठवड्यात गावोगावी बोंब झाली, आणि रुग्णालयानं आपलं पान निवांतला बुडवताच येऊ नये असं करून घेतलं. सगळे जागे झाले. सगळे 'हजर' म्हणायला लागले. रांग पुन्हा रोज चार-पाचावर आली. आता ते पान रोज मधोमध यायचं, आणि मी रोज वाचून दाखवायचो, खरंखुरं. तीन हजार नऊशे. तीन हजार आठशे. दिवस दोनशे चाळीस. दिवस दोनशे वीस. एखादी गाडी येणार नाही हे माहीत असून तिची घोषणा करत राहायची, तसं.

कडा गेल्या. आधी डावी, मग वरची, जिथं ती पट्टी असायची. शेवटी शेवटी माझा उजवा कान तेवढा उरला होता, म्हणते.

"होता," उज्ज्वला म्हणाली.

तिचा भाऊ दीपक जयसिंगपूरहून आला. माझ्या तोंडावर म्हणाला, 'दाजी, माझ्या बहिणीचं एक पान सांभाळता आलं नाही तुम्हाला?' तशी ही उठली. भिंत धरत दारापर्यंत गेली, दार उघडलं आणि त्याला म्हणाली, 'माझ्या नवऱ्याला बोलायचं नाही. त्यांनी बोटसुद्धा लावलेलं नाही. यंत्रानं केलं ते.' तो पायरी उतरला तो उतरलाच. नऊ वर्षं झाली. राखी नाही, भाऊबीज नाही, त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका नाही.

अशी ती गोष्ट. यंत्रानं माझी युक्ती चोरली आणि माझ्यावरच चालवली. आता सांगा, बसतोय का कुणाचा विश्वास?

"माझा बसतोय," मास्तर हळूच म्हणाले. "पण लोंढेकाका, एवढ्या दिवसांत तुम्ही एकदासुद्धा हात लावला नव्हता त्याला? वैतागून? माणूस आहे शेवटी."

शपथ घेतो, मास्तर. अंगठा काय, करंगळीसुद्धा नाही.

उज्ज्वलानं परात खाली ठेवली. मान तिरकी केली, जुन्या सवयीनं, माझ्या खांद्यापलीकडं.

"अहो," ती म्हणाली, "तो आवाज परत काढा."

म्हटलं, अगं, दिवेलागण झाली. चल वर, पावटा टाकायचाय.

"सई, तू काढ गं."

सईनं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग गालात बोट घातलं. टुप्.

"तीन दिवस," उज्ज्वला म्हणाली. "लागोपाठ. चहाच्या वेळी, तुम्ही काचेसमोर बसलेले. रोज एकदाच. चौथ्या दिवसापासून आला नाही, मला वाटलं प्लंबरनं काहीतरी केलं असेल." तिनं हात वर केला आणि हवेत बोटानं मोजलं. एक, दोन, तीन. "नळ गळत नव्हता, अहो. पान तुम्ही सारलंत."